सोनं लुटून झाल्यावर: जिंतूरच्या टेकडीवर दोन दिवस

परभणीला मी झोपायला निघाले होते. ताईनंच फोनवर सांगितलं होतं, "दसरा झाला की ये. चार दिवस नुसती झोप काढ." माझी नोकरी विमा कंपनीत, लोकांच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायची. सबंध पावसाळा कामाच्या ढिगाखाली गेला होता, त्यामुळे हे आमंत्रण मला देवाघरून आल्यासारखं वाटलं. तिकीट काढून झाल्यावर तिचा दुसरा फोन आला. म्हणाली, येतेच आहेस तर माझ्याबरोबर टेकडीवर चल, पानं तोडायला आणि पाकिटांवर लिहायला कुणीतरी हवंय.

ताई परभणीत कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. वयाच्या पन्नाशीत ती पीएच.डी. करते आहे आणि घरात आता त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. विद्यापीठानं दिलेली मुदत दोनदा वाढवून झाली. यंदाची शेवटची. उरलेली पानं गोळा करायची, मापायची आणि प्रबंध द्यायचा, नाहीतर विषय संपला. पानं सप्टेंबरातच आणायची होती. पण आधी पावसानं ओढ्यावरचा रस्ता बंद केला, मग पेपर तपासणीनं तिला बांधून ठेवलं. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार तेवढा मोकळा होता.

रात्रीची गाडी पुण्याहून निघून सकाळी परभणीला पोचते. उतरायचं असेल तर गजर लावा. माझा डोळा लागला होता, शेजारच्या आजींनी हलवलं म्हणून उतरले, नाहीतर पुढचं पिंगळी स्टेशन गाठलं असतं. ताईकडे पोचल्यावर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वरून भरपूर दाण्याचं कूट. प्रवासाच्या दिवशी यापेक्षा पोटाला हलकं आणि टिकाऊ काही नाही. देव्हाऱ्यात दसऱ्याची आपट्याची पानं अजून होती, कडेनं सुकायला लागलेली. आम्ही दोघींनी देवाला हात जोडले आणि बाहेर पडलो. ती पानं बघूनही दोघींच्याही डोक्यात काही आलं नाही, हे आता लिहिताना फार विचित्र वाटतं.

जिंतूरला एसटी भरपूर आहेत. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे गाडीत बायकाच जास्त होत्या. रस्ता झरी, बोरी करत जातो. डांबर बरं आहे, पण या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि ड्रायव्हर पिकाला वळसा घालत चालवतो. खिडकीतून सोयाबीनचा कोरडा, जरा धुळकट वास येत होता. मला झोप येत होती. ताई बोलत होती.

तिचा विषय मला पहिल्यांदाच नीट कळला, म्हणून इथे सांगते. सागाचं पान आणि आपट्याचं पान वेगळं, हे कुणालाही दिसतं. सागाचं सुपाएवढं, आपट्याचं दोन पाकळ्या जोडल्यासारखं, तळहातात मावणारं. पण एकाच आपट्यावर उन्हाकडच्या फांदीचं पान लहान, जाड आणि चिवट असतं, आतल्या सावलीतलं मोठं आणि पातळ. टेकडीच्या कोरड्या बाजूचा आपटा आणि ओल्या बाजूचा आपटा यांतही असाच फरक पडतो. मग प्रश्न असा, की जंगलात खरा फरक कुठे जास्त आहे? एका जातीत आणि दुसऱ्या जातीत, की एकाच जातीच्या आत? आपण जातीचं नाव घेऊन मोकळे होतो आणि आतल्या आत चाललेलं बघत नाही, असं ताईचं म्हणणं.

"आणि ते बघून काय होतं?" मी विचारलं.

"पाऊस कमी झाला तर कुठलं झाड निभावून नेईल त्याचा अंदाज येतो. ज्याला पान बदलता येतं ते टिकतं," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असं मी नोंदणी करताना लिहून दिलं होतं."

त्यासाठी तिनं टेकडीच्या दोन्ही उतारांवर साग, पळस, धावडा, तेंदू आणि आपटा यांची झाडं निवडली आणि सलग तीन पावसाळ्यांनंतर त्याच झाडांची पानं मापायची ठरवली. झाडं तीच हवीत, ही सगळ्यात मोठी अट. नाहीतर पान बदललं की झाड बदललं, ते कळणार कसं? दोन वर्षं झाली होती, हे तिसरं.

जिंतूरच्या स्टँडबाहेर चहा घेतला, भजी घेतली. भजी सोडा, चहा चांगला आहे. तिथून येलदरीच्या रस्त्यानं जीप मिळते. माणसं भरल्याशिवाय ती निघत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा आणि पुढची सीट मागू नका, ती ड्रायव्हरच्या ओळखीच्यांची असते. फाट्यावर उतरून चालत टेकडी. कुणाला जायचं असेल तर सांगते, भटकायला कुणी अडवत नाही, पण पानं-फांद्या तोडायच्या असतील तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. ताईकडे ती होती.

फाट्याकडून आधी उत्तरेचा उतार लागतो. हा सावलीचा, ओलसर. इथलं काम सरळ झालं. काम म्हणजे काय, तर ताई आकडीच्या काठीनं बाहेरची फांदी खाली ओढायची, न किडलेलं, पूर्ण उमललेलं पान निवडायची, मी ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाकिटात घालायची आणि वर पेन्सिलीनं लिहायची: जात, उतार, झाडाचा क्रमांक, फांदी कुठली. सागाची बरीचशी पानं किड्यांनी जाळी करून टाकलेली. चांगली सापडेपर्यंत मान दुखायला लागली. हे काम रम्य असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. गवताची कुसळं सलवारीत टोचतात, आणि ताई प्रत्येक पानाला उलटून बघते.

झाडांवर लाल रंगाचे ठसठशीत ठिपके होते. आधीची दोन वर्षं तिनं पत्र्याचे बिल्ले लावले होते, ते कुणीतरी काढून नेले, म्हणून यंदा जूनमध्ये तिनं खिळ्यांच्या खुणा शोधून त्याच झाडांच्या बुंध्यावर ऑइलपेंटचे ठिपके काढले. "हे कुणी नेणार नाही," ती म्हणाली.

उन्हं कलताना टेकडीच्या पलीकडे उतरून गावात गेलो. मुक्काम द्वारकाबाईंकडे. त्यांची मुलगी ताईच्या कॉलेजात शिकते, परभणीला वसतिगृहात राहते. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा सोपा. सोप्यात गोणपाट, पातेली, ताडपत्री असं बांधून ठेवलेलं, कारण दिवाळी झाली की हे कुटुंब ऊसतोडीला निघणार. गावातली निम्मी घरं अशीच बांधाबांध करत होती. द्वारकाबाईंनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि तिखटजाळ ठेचा वाढला. त्यांचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, खाटेवरून माझी चौकशी करत होते. पुण्यात पगार किती, मूल कामून एकच, असली.

जेवण झाल्यावर आबांनी देवापुढच्या ढिगातून आपट्याची पानं उचलून आमच्या हातावर ठेवली. दसरा होऊन आठवडा उलटला असला तरी दारी आलेल्याला सोनं दिल्याशिवाय कसं सोडायचं. आम्ही पाया पडलो. पानं चांगलीच लहान आणि जाड होती. ताईनं सवयीनं एक बोटांत चोळून बघितलं आणि आपल्या पिशवीच्या कप्प्यात ठेवलं, मी माझं माझ्या पिशवीत.

सकाळी चहा घेऊन दक्षिणेच्या उतारावर गेलो. हा उतार गावाकडे तोंड करून आहे, उन्हाचा, मुरमाड. गावातून तो हिरवा दिसत होता. पळस झाला, धावडा झाला. मग आम्ही आपट्यांकडे वळलो आणि ताई थांबली.

ठिपक्याच्या पहिल्या आपट्याच्या बाहेरच्या फांद्यांना पान नव्हतं. फांद्या पिरगळून मोडलेल्या, साल लोंबत असलेली. आत खोडालगत किडकी चार-दोन पानं आणि काही कोवळे, लालसर कोंब. बुंध्याशी तांदूळ, सुकलेली झेंडूची फुलं, फुटलेल्या नारळाची करवंटी. आणि ताईच्या लाल ठिपक्यावर हळद आणि कुंकू. पुढचं झाड तसंच. त्याच्या पुढचंही. पाचही ठिपक्यांना कुंकू होतं आणि पाचही झाडं लुटलेली. अधेमधे बिनठिपक्याचे आपटे मात्र भरल्या अंगानं उभे होते.

ताई दगडावर बसली. रागावली नाही. मला ती रागावलेली चालली असती. ती फक्त म्हणाली, "दसरा." आणि थोड्या वेळानं, "मी जीवशास्त्र शिकवते गं."

मी म्हटलं ते लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात मी शहाणी ठरल्यासारखी वाटेन, आणि तसं नाही. शेजारच्या भरलेल्या आपट्याकडे बोट दाखवून मी म्हणाले, "याची घे ना. दहा पावलांवर तर आहे. ऊन तेच, माती तीच. कुणाला कळणार आहे?" मला घरी जायचं होतं. पाय दुखत होते.

"ते आपलं झाड नाही," ताई म्हणाली. एवढंच. आणि उठली.

गावात परतलो तेव्हा गोष्ट कळून आधीच हसायला सुरुवात झाली होती, कारण वाटेत भेटलेल्या बाईला ताईनं विचारलं होतं. सोप्यात चार शेजारी जमले. जूनमध्ये ठिपके दिसले तेव्हा कुणाला वाटलं शेंदूर आहे, कुणाला वाटलं कुणीतरी नवस केलाय. दसऱ्याला सीमोल्लंघनाला लोक निघाले तेव्हा दरवर्षीसारखी कुठल्या झाडाची पूजा करायची याची चर्चा झालीच नाही. झाडं आधीच ठरवून ठेवलेली होती.

"लाल टिळा लावलेलं झाड म्हनल्यावर दुसऱ्या झाडाला हात लावायची कुनाची छाती हाय?" आबा म्हणाले. "आमी तर म्हनलं, कोन देवमानूस हाय, आमचं काम हलकं केलं."

शेजारचे एक गृहस्थ ताईकडे बघत म्हणाले, "दिल्यालं सोनं वापस मागायला आलेली मान्सं पयल्यांदाच बघायलाव."

ताईसुद्धा हसली. द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुलीकडून ऐकलं असावं की मॅडमचं हे शेवटचं वर्ष आहे. त्या उठल्या, देवापुढचा सगळा ढीग सुपात घेतला, शेजारणींना हाक मारली, आणि बघता बघता चार घरांचं सोनं त्या सुपात जमा झालं. सूप त्यांनी ताईपुढे ठेवलं.

"घ्या मॅडम. तुमच्याच झाडायचं हाय. दुसऱ्या झाडाला कुनी शिवलंबी न्हाई."

हे खरं होतं. तीच झाडं. बाहेरच्या, उन्हाच्या फांद्याच मोडल्या होत्या, हेही आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. ताईनं विचारलं, कुठल्या झाडाचं कुठलं, काही सांगता येईल? द्वारकाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. सगळं मिसळलेलं, घरोघरी वाटलेलं, पुन्हा घेतलेलं. दसऱ्याचं सोनं तसंच फिरतं.

ताईनं सूप आपल्याकडे ओढलं. मग तिनं पानं निवडायला घेतली. लहान, जाड, सुरकुती न पडलेली एका बाजूला. बोटं भराभर चालत होती. तिनं पाच गठ्ठे केले, पाच पाकिटं काढली, पहिला गठ्ठा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही. आपटा. दक्षिण उतार. झाड पहिलं. बाहेरची फांदी."

पेन्सिल माझ्या हातात होती. दोन दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होते, आणि एकदाही मी काय लिहिते आहे याचा विचार केला नव्हता. आता मला आठवत होतं ते सकाळचं, "ते आपलं झाड नाही." मी सकाळी जे सुचवलं ते तिनं नाकारलं, आणि आता तीच त्याच्याच जवळचं काहीतरी करत होती, आणि मी नाकारणार? मी कोण? मला संध्याकाळी बस धरायची, उद्या पुण्याला जायचं. या टेकडीवर तीन वर्षं मी चढले नव्हते. प्रामाणिकपणा मला फुकट पडणार होता, किंमत सगळी तिची. हे सगळं खरं आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

तरी मी लिहिलं: "आपटा. दक्षिण उतार. घरांतून गोळा केलेली. झाड माहीत नाही." जरा मोठ्या अक्षरात. पाचही पाकिटांवर तेच.

ताईनं पाकिटं हातात घेतली, वाचली आणि पिशवीत ठेवली. द्वारकाबाई आमच्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांना वाटलं पानं पसंत पडली नाहीत. "लहान हायत का वो? मोठी बघू का?" त्या म्हणाल्या. ताईनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "नाही, फार चांगली आहेत."

निघताना पुढच्या खेपेची चर्चा झाली. लाल रंग नको, हे सगळ्यांना पटलं. आबा म्हणाले, "हिरवा लावा. पाल्यात कुनाला दिसायचाच न्हाई." ताई म्हणाली, मग मलाही दिसणार नाही. पुढची खेप असेल की नाही, हे ती बोलली नाही.

परतीची जीप लवकर मिळाली, एसटीत जागाही मिळाली. बोरीला ताईनं पिशवीतली पाकिटं चाचपली. मग एकदम म्हणाली, "घरी नवी पाकिटं आहेत. मी पुन्हा लिहू शकते. तुला कळतंय ना?"

"हो."

"मग कशाला लिहिलंस?"

"तुला लिहायचं असलं तर लिही. माझ्या अक्षरात नको."

झरीला गाडी थांबली तेव्हा ताईनं खाली उतरून दोन शेंगदाण्याच्या पुड्या आणल्या आणि एक माझ्या मांडीवर ठेवली. मला झोप लागली. स्टँडवर तिनंच उठवलं.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी दुपारची होती. सकाळी उठले तर ताई जेवणाच्या टेबलावर पानं मांडून बसलेली. आलेखाच्या कागदावर पान ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची, चौकोन मोजायचे, मग छोट्या काट्यावर वजन. सुपातली पानं तिनं टेबलाच्या एका टोकाला पसरली होती, आमच्या पाकिटांतली आणि द्वारकाबाईंनी वरून दिलेली सगळी. त्यांत नखाएवढी होती आणि तळहाताएवढीही.

मी चहा आणून ठेवला. ती म्हणाली, "बघ. यातली उन्हातली कुठली, सावलीतली कुठली, मी डोळे झाकून सांगू शकते."

"मग चांगलंच आहे की."

"तेच वाईट आहे. काल मी लहान आणि जाड बघून उन्हातली म्हणून निवडली. आता मापून मी काय लिहिणार? उन्हातली पानं लहान आणि जाड असतात." ती जरा हसली, दमलेलं. "मीच घातलेलं मीच काढणार."

माझ्यासमोरच तिनं मार्गदर्शक सरांना फोन केला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. ती दोनदा "हो सर" म्हणाली, एकदा "नाही सर, तीच झाडं हवीत" म्हणाली. ठेवल्यावर म्हणाली, सर चिडलेत. मुदत आता वाढणार नाही. दक्षिणेच्या आपट्यांचा तिसऱ्या वर्षाचा रकाना रिकामा ठेवायचा आणि कारण द्यायचं. समितीनं ते चालवलं तर चाललं, नाहीतर चार जातींवर सगळं गणित पुन्हा मांडायचं. 'मानवी हस्तक्षेप' असं कारण लिहा, असं सर म्हणाले.

"तसंच लिहिणार?"

"मी ठिपके काढले म्हणून पूजा झाली, असं लिहिणार," ताई म्हणाली. "हस्तक्षेप माझाच आहे." आणि तिनं सुपातली पानं टेबलावरून गोळा करून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, आधीच्या सोन्यावर.

मी पुण्याला येऊन आता तीन आठवडे झाले. जिंतूरच्या टेकड्या बघायला जावं का, असं कुणी विचारलं तर जा म्हणेन. पावसाळ्यानंतर जा, पाणी जवळ ठेवा, आणि हिरवाईचे फोटो काढायची घाई करू नका, एकाच झाडाखाली जरा वेळ उभे राहा. विश्रांती मात्र मिळाली नाही. दमून गेले होते, दमून आले. ताईचा प्रबंध समितीकडे गेला आहे, रिकाम्या रकान्यासकट. अजून उत्तर नाही. द्वारकाबाई उसाला गेल्या असतील.

काल प्रवासाची पिशवी धुवायला काढली तर बाजूच्या कप्प्यात आपट्याचं पान निघालं, आबांनी माझ्या हातावर ठेवलेलं. सुकलं होतं, पण अखंड. मी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. लहान, जाड, चिवट. उन्हातलं, असं तोंडात आलं होतं. मग मी ते पान उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं, आणि "झाड माहीत नाही" म्हणून देवापुढे ठेवून दिलं.